तांबड्या पेशींचे माप घेणारी संशोधिका : डॉ. लुसी विल्स

परिचर्या महाविद्यालयात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थिनीच्या हाती रक्ततपासणीचा अहवाल आला, की तिची दृष्टी सर्वप्रथम हिमोग्लोबिनच्या आकड्यावर स्थिरावते. आकडा कमी असेल तर रक्तक्षय, आणि रक्तक्षय म्हणजे लोहाच्या गोळ्या, असे एक सोपे समीकरण मनात तयार झालेले असते. त्या आकड्याखाली येणारी एमसीव्ही, एमसीएच, आरडीडब्ल्यू ही अक्षरे परीक्षेपुरती पाठ होतात आणि वॉर्डातील धावपळीत विस्मरणात जातात. यांपैकी एमसीव्हीची ओळ, म्हणजे तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान, गर्भवती स्त्रीच्या बाबतीत किती महत्त्वाची ठरू शकते, हे ज्यांच्या कार्यामुळे जगाला उमगले त्यांत डॉ. लुसी विल्स यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्यांचा जन्म इंग्लंडमधला. परंतु त्यांच्या संशोधनाची खरी भूमी आपली मुंबई, त्यातही परळ, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

लुसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफिल्ड येथे झाला. घराणे सुखवस्तू आणि विज्ञानाची आवड जोपासणारे. वडील विज्ञानाचे पदवीधर, तर आजोळी वैद्यकीचा व्यवसाय. मुलींना गणित आणि विज्ञान मनापासून शिकविणाऱ्या ज्या थोड्या शाळा त्या वेळी इंग्लंडमध्ये होत्या, त्यांपैकी चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. पुढे केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र हे विषय घेऊन त्यांनी १९११ मध्ये अभ्यासक्रम पूर्ण केला. पूर्ण केला एवढेच म्हणायचे, कारण केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना परीक्षेस बसू देत असे. पदवी मात्र देत नसे. ती मिळण्यासाठी तेथील स्त्रियांना १९४८ पर्यंत वाट पाहावी लागली.

त्याच वर्षी वडील वारले आणि दोन वर्षांनी एक बहीण ऐन तारुण्यात गेली. या काळात पुढे काय करावे याचा निश्चय लुसींच्या मनात झालेला दिसत नाही. १९१४ मध्ये त्या एका मैत्रिणीसह दक्षिण आफ्रिकेत होत्या. तेथे असतानाच पहिले महायुद्ध पेटले आणि केपटाऊनच्या एका रुग्णालयात त्यांनी काही आठवडे स्वयंसेवी परिचारिका म्हणून काम केले. वैद्यकशास्त्राकडे वळण्यापूर्वी त्यांचा रुग्णाशी पहिला संबंध आला तो असा, डॉक्टर म्हणून नव्हे तर शुश्रूषा करणारी म्हणून. इंग्लंडला परतल्यावर जानेवारी १९१५ मध्ये त्यांनी लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातले. या संस्थेचे मुंबईशी नाते जुने आहे. डॉ. रखमाबाई येथेच शिकल्या, आणि १९२८ पासून मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा सांभाळणाऱ्या, बेने इस्रायली समाजातील डॉ. जेरुशा झिराड यांचे उच्च वैद्यकीय शिक्षणही लंडनलाच झाले. लुसी विल्स १९२० साली डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांचे वय ३२ होते.

दवाखाना थाटण्याचा विचार त्यांनी केला नाही. रॉयल फ्री रुग्णालयातील रासायनिक विकृतिशास्त्राच्या विभागात, गर्भारपणात शरीराच्या रसायनात कोणते फेरफार होतात याचा अभ्यास त्या करू लागल्या. हाच अभ्यास त्यांना भारतात घेऊन आला.

१९२०च्या दशकात हिंदुस्थानातील प्रसूतिगृहांत एक विलक्षण प्रकार वारंवार दिसत होता. गर्भारपणाच्या उत्तरार्धात स्त्री पांढरीफटक पडे, अंगावर सूज येई, धाप लागे, आणि पुष्कळदा ती व तिचे मूल दोघेही दगावत. येथील स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेत दीर्घकाळ काम केलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फर यांनी या रोगाकडे लक्ष वेधले होते. मातामृत्यूंच्या चौकशीचा एक भाग म्हणून त्याचा छडा लावण्याचे काम लुसी विल्स यांच्याकडे आले आणि १९२८ च्या अखेरीस त्या मुंबईत दाखल झाल्या. हाफकिन संस्थेत त्यांची प्रयोगशाळा होती. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमधील ही संस्था तेव्हा गिरण्यांच्या धुराड्यांनी वेढलेली होती. संशोधनाचा विषय भोवतालच्या चाळींतच नांदत होता, असे म्हटले तरी चालेल.

सूक्ष्मदर्शकाखाली या स्त्रियांचे रक्त पाहिले, की एक गोष्ट स्पष्ट दिसे. तांबड्या पेशी संख्येने फार थोड्या, परंतु प्रत्येक पेशी नेहमीपेक्षा मोठी. हे नेमके काय आहे, ते समजून घेण्यासाठी आजच्या दोन अहवालांची तुलना करून पाहू. समजा, दोन गर्भवती स्त्रियांचे हिमोग्लोबिन अगदी सारखे, म्हणजे ८ ग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. गर्भवतीचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की आपल्याकडे तिला रक्तक्षय आहे असे धरतात, ७ ते ९.९ हा मध्यम आणि ७ हून कमी हा तीव्र. म्हणजे दोघीही मध्यम गटातल्या. आता पहिलीच्या तांबड्या पेशी ४० लाख आणि पेशींनी व्यापलेला रक्ताचा भाग, ज्याला अहवालात पीसीव्ही म्हणतात, तो २६ टक्के आहे. पीसीव्हीला १० ने गुणून दशलक्षातील पेशीसंख्येने, म्हणजे ४ ने, भागले की एमसीव्ही मिळतो ६५ फेम्टोलिटर. दुसरीच्या पेशी केवळ २० लाख आणि पीसीव्ही २४ टक्के. तिचा एमसीव्ही येतो १२०. सर्वसाधारण मर्यादा ८० ते १०० ची. पहिलीच्या शरीरात बहुधा लोह नाही, म्हणून पेशी लहान आणि फिकट राहिल्या आहेत. दुसरीच्या शरीरात पेशींच्या विभाजनाला लागणारी सामग्रीच नाही; पेशीचा गाभा वेळेवर परिपक्व होत नाही, ती फुगत राहते आणि पुष्कळशा पेशी अस्थिमज्जेतच नाश पावतात. हिमोग्लोबिन सारखे असले, तरी उपासमार दोन निराळ्या प्रकारांची आहे. पहिलीला दिलेले लोह दुसरीला देऊन तिचा जीव वाचणार नाही.

१९२८ मध्ये हे गणित करून देणारे यंत्र नव्हते. काचेच्या चौकटीत पेशी एकेक करून मोजायच्या, हिमोग्लोबिन रंग जुळवून ठरवायचे आणि दोहोंच्या गुणोत्तरावरून पेशी मोठी की लहान याचा अंदाज बांधायचा, अशी ती पद्धत. आजचे यंत्र मिनिटभरात वीसेक आकडे छापून देते, पण ते वाचणाऱ्याला काही प्रश्न पडावेत अशी त्याची अपेक्षा नसते!

त्या काळी मोठ्या पेशींचा आणखी एक रक्तक्षय डॉक्टरांच्या परिचयाचा होता. त्याचे नाव पर्निशिअस ॲनिमिया, म्हणजे प्राणघातक रक्तक्षय. १९२६ मध्ये अमेरिकेतील मायनॉट आणि मर्फी यांनी रुग्णांना भरपूर यकृत खाऊ घालून तो आटोक्यात आणता येतो हे दाखविले होते. मुंबईच्या स्त्रियांचा आजार वरकरणी तसाच दिसे, म्हणून त्याला गर्भारपणातील पर्निशिअस ॲनिमिया असे नावही पडले होते. लुसी विल्स यांनी मात्र नावावर विसंबून न राहता प्रथम या स्त्रिया राहतात कोठे आणि खातात काय, याची पाहणी केली. या पाहणीचा शोधनिबंध एस. एन. तळपदे यांच्यासह १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या आर्थिक स्तरांतील स्त्रियांच्या आहाराची त्यांनी तुलना केली, तेव्हा ज्यांचे खाणे सर्वांत निकृष्ट त्या गरीब मुस्लिम स्त्रियांत हा आजारही सर्वाधिक असल्याचे आढळले. भाजीपाला, फळे, दूध, मांस यांपैकी काहीच पुरेसे ताटात येत नसे. रक्ताच्या अहवालाचे उत्तर स्वयंपाकघरात शोधावे लागते, हा विचार आज आपल्याला नवा वाटत नाही. जंतूंच्या शोधाने भारलेल्या त्या काळात तो तितकासा सर्वमान्य नव्हता.

मग उंदरांवर प्रयोग झाले. मुंबईतील गरीब स्त्रीच्या आहारासारखाच आहार गाभण उंदरांना दिला, तेव्हा त्यांनाही रक्तक्षय झाला, आणि आहारात यीस्ट मिसळल्यावर तो टळला. वरकरणी कोडे सुटले होते. परंतु पुढे असे उघडकीस आले, की उंदरांच्या अंगावरील उवांमधून पसरणारा बार्टोनेला नावाचा जंतूदेखील त्यांच्या रक्तक्षयाला जबाबदार होता. म्हणजे जो प्रयोग पुरावा म्हणून पुढे केला, त्यातच खोट निघाली. डॉ. विल्स यांनी ती खोट दडविली नाही. माकडांवर नव्याने प्रयोग केले आणि निकृष्ट आहाराने मोठ्या पेशींचा रक्तक्षय होतो हे १९३२ मध्ये पुन्हा दाखवून दिले. माझ्या मते त्यांच्या संशोधकवृत्तीची खरी ओळख या प्रसंगात होते. यशस्वी निष्कर्ष हाती असताना तोच पुन्हा तपासायला बसण्यास फार मोठा संयम लागतो.

दरम्यान हाडामांसाच्या रुग्णांसाठी उपाय हवा होता. यकृताचा अर्क गुणकारी होता, पण महाग; गिरणी कामगाराच्या घरात तो परवडण्याची शक्यता नव्हती. उंदरांना यीस्टने गुण आला होता, तेव्हा यीस्टचाच एखादा स्वस्त प्रकार का देऊन पाहू नये, असा विचार पुढे आला. बीअर तयार करताना उरणाऱ्या यीस्टपासून बनविलेला मार्माइट हा काळपट, खारट, उग्र वासाचा पदार्थ ब्रिटिश घरांत पावाला लावून खाल्ला जात असे. तो या स्त्रियांना देण्यात आला आणि परिणाम थक्क करणारा होता. काही दिवसांतच त्यांच्या रक्तात कोवळ्या तांबड्या पेशींची संख्या झपाट्याने वाढू लागली. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध झाला.

येथे कोवळ्या पेशींविषयी थोडे सांगायला हवे, कारण रेटिक्युलोसाइट काउंट या नावाने ही तपासणी आजही होते आणि तिचे मर्म पुष्कळदा निसटते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. उपचार अचूक असला तरी हिमोग्लोबिनचा आकडा वर यायला आठवडे लागतात. रेटिक्युलोसाइट मात्र चौथ्या-पाचव्या दिवसापासूनच वाढू लागतात आणि आठवड्याच्या सुमारास त्यांचे प्रमाण शिखराला पोहोचते. कारखाना सुरू झाला की नाही हे गोदामातील साठ्यावरून नव्हे, तर दारातून बाहेर पडणाऱ्या नव्या मालावरून कळते, तसेच हे. लुसी विल्स यांना मार्माइटचा गुण कळला तो या नव्या मालावरून.

यीस्टमध्ये असे काय होते? त्या अज्ञात द्रव्याला पुढे विल्स फॅक्टर असे नाव पडले. काहींना वाटे, की यकृतातील आणि यीस्टमधील औषधी द्रव्य एकच असावे. डॉ. विल्स यांनी कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत आणि मद्रासच्या स्त्रियांच्या रुग्णालयात काम सुरू ठेवले, १९३३ मध्ये त्या लंडनला परतल्या, आणि १९३७ मध्ये त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह एक निर्णायक गोष्ट मांडली. यकृताचा साधा, कच्चा अर्क दोन्ही रोगांवर चालतो. परंतु तोच अर्क अधिक शुद्ध केला, की पर्निशिअस ॲनिमियावर चालतो आणि या दुसऱ्या रक्तक्षयावर चालत नाही. याचा अर्थ उघड होता. मोठ्या पेशी हे एकच लक्षण असले तरी त्यामागे दोन भिन्न द्रव्यांचा अभाव असू शकतो.

ती दोन्ही द्रव्ये आज आपल्याला ठाऊक आहेत. विल्स यांच्या शोधातील द्रव्य १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले आणि लॅटिन भाषेतील पान या शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड असे नाव मिळाले. १९४५ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार झाले. ते तयार करणाऱ्या लेडर्ली कंपनीतील पथकाचे प्रमुख आंध्रात जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. दुसरे द्रव्य, बी-१२ जीवनसत्त्व, १९४८ मध्ये हाती लागले. एमसीव्ही १०० च्या वर गेला, रक्ताच्या काचपट्टीवर पांढऱ्या पेशींचे गाभे पाच-सहा खंडांत विभागलेले दिसले, तर या दोहोंपैकी काय कमी आहे हे ठरविणे अत्यावश्यक असते. बी-१२ कमी असताना केवळ फॉलिक ॲसिड दिले तर रक्ताचा अहवाल सुधारतो, सर्वांना हायसे वाटते, आणि मज्जातंतूंची हानी मात्र आतल्या आत चालूच राहते. पायांना मुंग्या येतात का, चालताना तोल जातो का, हे प्रश्न अशा रुग्णाला विचारलेच पाहिजेत. बी-१२ प्राणिज पदार्थांतूनच मिळत असल्याने, दूधदुभतेही कमी घेणाऱ्या शाकाहारी घरांत याचा विसर पडता कामा नये. यकृताचे विकार, मद्यपान, थायरॉइडची मंदता आणि काही औषधे यांमुळेही एमसीव्ही वाढतो. इतकेच काय, जांभळ्या झाकणाच्या नळीतील नमुना दिवसभराहून अधिक काळ पडून राहिला तरी पेशी फुगतात आणि आकडा खोटा चढतो. ही शेवटची बाब डॉक्टरांपेक्षा परिचारिकेच्या हातची आहे.

आपल्याकडे तर आणखी एक गुंता आढळतो. गरीब घरातील गर्भवतीला लोह आणि फॉलिक ॲसिड दोन्ही कमी पडलेले असतात. मग काही पेशी लहान, काही मोठ्या, आणि सरासरी काढली की एमसीव्ही चक्क ८८ वा ९० येतो. अहवालावर तो अगदी निर्दोष दिसतो. अशा वेळी शेजारच्या आरडीडब्ल्यूकडे पाहावे. पेशींच्या आकारात परस्परांत किती तफावत आहे ते हा आकडा सांगतो. तो सुमारे १४.५ च्या पुढे गेला असेल तर सरासरीवर विश्वास ठेवू नये.

डिसेंबरातील मुंबई लुसी विल्स यांनी आणखी एकदा पाहिली. १९३७ च्या अखेरीस साउदम्प्टनहून समुद्रावर उतरणाऱ्या विमानाने, वाटेत पाच मुक्काम करीत त्या कराचीला आल्या आणि तेथून हाफकिन संस्थेत येऊन त्यांनी काही आठवडे काम केले. त्यांचा तो पहिलाच विमानप्रवास. पुढे दुसरे महायुद्ध आले. युद्धकाळात त्या आणीबाणीच्या वैद्यकीय सेवेत विकृतिशास्त्रज्ञ होत्या. जुलै १९४४ मध्ये रॉयल फ्री रुग्णालयावर जर्मनांचा उडता बॉम्ब कोसळला, माणसे मृत्युमुखी पडली आणि प्रयोगशाळेचे काम थंडावले. तेही केवळ काही दिवस. युद्ध संपले तेव्हा तेथील विकृतिशास्त्र विभाग त्यांच्या हाताखाली होता आणि रक्तशास्त्राचा स्वतंत्र विभाग त्यांनीच उभा केला होता. याच धामधुमीत, शिधावाटपावर जगणाऱ्या लंडनच्या गर्भवतींना सरसकट लोह देण्याचा लाभ होतो का, याची तपासणीही त्यांनी केली. काहींना लोह, तर काहींना केवळ तशाच दिसणाऱ्या गोळ्या देऊन दोन्ही गटांचे हिमोग्लोबिन ताडून पाहण्यात आले. यीस्टचा गुण शोधणाऱ्या बाईंनी लोहाला दुय्यम लेखले नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

आज आपल्या आरोग्य केंद्रांत गर्भवतीला चौथ्या महिन्यापासून जी लाल गोळी १८० दिवस रोज दिली जाते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. प्रसूतीनंतरही ती तितकेच दिवस घ्यायची असते. तरीही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय असल्याचे आढळले. यातील काही भाग गोळी न मिळाल्याचा, काही मळमळीमुळे ती फेकून दिल्याचा, काही जंतांचा, तर काही थॅलेसीमियासारख्या आनुवंशिक दोषाचा असतो. शिवाय गर्भारपणात रक्तातील द्रवभाग पेशींपेक्षा अधिक वाढतो, म्हणून आकडा थोडा खाली येणे नैसर्गिकच आहे. लोहाची गोळी नियमित घेऊनही हिमोग्लोबिन महिन्याभरात हलत नसेल, तर मात्रा वाढविण्याआधी अहवालातील पुढच्या ओळी वाचाव्यात आणि बाईला जवळ बसवून काल दिवसभरात काय खाल्ले ते विचारावे.

लुसी विल्स १९४७ मध्ये निवृत्त झाल्या, पण त्यांचे काम थांबले नाही. जमैका, फिजी आणि दक्षिण आफ्रिका येथे जाऊन त्यांनी पोषण व रक्तक्षयाचा अभ्यास केला. त्यांनी विवाह केला नाही. डोंगर चढण्याचा त्यांना छंद होता आणि कामावर मोटारीऐवजी सायकलने जाणे त्या पसंत करीत. बडेजाव मिरवणाऱ्यांची त्या थट्टा करीत असत, असे त्यांच्या सहकाऱ्यांनी नमूद केले आहे. आयुष्याच्या अखेरच्या दशकात त्या लंडनमधील चेल्सी भागातून मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या.

१६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. विल्स फॅक्टर हे नाव तोपर्यंत मागे पडून फॉलिक ॲसिड हेच रूढ झाले होते. गर्भधारणेपूर्वीपासून ते घेतल्यास बाळाच्या मेंदू व पाठीच्या कण्यातील बहुसंख्य जन्मजात दोष टळतात, हे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीने सिद्ध केले ते १९९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर २७ वर्षांनी.